एचएमटी जनता आणि ओमेगा स्पीडमास्टर : चावीच्या दोन घड्याळांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किमतीत शंभरपटीच्या आसपास फरक असलेल्या या दोन घड्याळांची तुलना करण्यात अर्थ आहे का?

आहे, आणि तो वरवर वाटतो त्याहून अधिक आहे. सरकारी एचएमटी कंपनीची ‘जनता’ काही हजारांत मिळते आणि स्वित्झर्लंडच्या ओमेगा कंपनीच्या स्पीडमास्टरसाठी काही लाख मोजावे लागतात, हे खरे; परंतु दोन्ही घड्याळे रोज हाताने चावी देऊन चालवायची आहेत, दोन्हींत सेल नाही, ऑटोमॅटिक घड्याळाला मनगटाच्या हालचालीने चावी देणारा फिरता रोटर नाही आणि तारीख-वाराची खिडकीही नाही. येथे स्पीडमास्टरची जी आवृत्ती विचारात घेतली आहे, म्हणजे २०२१ पासून मिळणारे ३८६१ क्रमांकाच्या मशीनचे, हेसलाइट काचेचे मूनवॉच (चंद्रावर गेल्यामुळे स्पीडमास्टरला पडलेले नाव), तिची काचदेखील ‘जनता’प्रमाणेच अ‍ॅक्रिलिकची आहे. इतके साम्य असल्यामुळे पैसे नेमके कशाचे द्यावे लागतात, हे या जोडीत स्वच्छ दिसते. चावीच्या घड्याळाची ऑटोमॅटिक घड्याळाशी तुलना केली, की निम्मी चर्चा रोटरवरच खर्च होते.

ही घड्याळे आली कुठून?

हिंदुस्थान मशीन टूल्स (एचएमटी) ही सरकारी कंपनी १९५३ मध्ये बंगळूर येथे सुरू झाली. यंत्रे बनवणारी यंत्रे तयार करणे हे तिचे मूळ काम होते. घड्याळे नंतर आली. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या बंगळूरच्या कारखान्यातून १९६१ मध्ये पहिली मनगटी घड्याळे बाहेर पडली आणि ती पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते प्रसिद्ध झाली. ‘जनता’ हे त्या घराण्यातले सर्वांत साधे आणि सर्वांत पसरलेले नाव. पहिल्या नोकरीचे, लग्नातले किंवा निवृत्तीच्या निरोप समारंभातले घड्याळ म्हणजे एचएमटी, असे समीकरण दोन पिढ्या टिकले. पुढे टायटनची सेलवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळे बाजारात आली आणि ते समीकरण मोडले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली.

स्पीडमास्टर १९५७ चे. ते मोटारींच्या शर्यतींसाठी बनवले होते, अवकाशासाठी नव्हे. अमेरिकेच्या नासाने अनेक घड्याळांवर उष्णता, थंडी, निर्वात पोकळी, धक्के आणि कंपने यांच्या चाचण्या घेतल्या आणि १ मार्च १९६५ रोजी मानवी अवकाशमोहिमांसाठी स्पीडमास्टरला मान्यता दिली. जुलै १९६९ मध्ये ते बझ ऑल्ड्रिन यांच्या हातावर चंद्रावर उतरले. नील आर्मस्ट्राँग यांनी स्वतःचे स्पीडमास्टर यानातच ठेवले होते, कारण यानातले इलेक्ट्रॉनिक टायमर बंद पडले होते. जाहिरातीत मावणार नाही असा हा तपशील आहे, पण घड्याळाची गरज कशाला म्हणतात हे त्याच्यातून कळते.

आतल्या मशीनमध्ये फरक काय आहे?

तत्त्व एकच आहे. चावी फिरवली की मेन स्प्रिंग गुंडाळली जाते. ती उलगडताना चक्रांची साखळी फिरते. साखळीच्या शेवटी असलेले एस्केपमेंट ती शक्ती थेंबाथेंबाने सोडते. आणि बॅलन्स व्हील व तिची केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग यांची ये-जा त्या थेंबांचा ताल ठरवते. ‘जनता’चे मशीन सिटिझनच्या रचनेवर आधारलेले, १७ ज्वेलचे आणि तासाला १८,००० ठोके देणारे आहे. सेकंदाला ५ ठोके पडत असल्यामुळे सेकंद काटा बारीक उड्या घेत जातो, हे नीट पाहिल्यास डोळ्यांनाही दिसते. पडल्या-आपटल्यावर बॅलन्सचा दांडा वाचवणाऱ्या व्यवस्थेचे ‘पॅराशॉक’ हे नावही सिटिझनकडूनच आले आहे.

येथे एक मजेशीर गोष्ट नोंदवायला हवी. चंद्रावर गेलेल्या स्पीडमास्टरमध्ये ३२१ क्रमांकाचे मशीन होते, आणि तेही १७ ज्वेलचे व तासाला १८,००० ठोक्यांचेच होते. म्हणजे ठोक्यांच्या आणि ज्वेलच्या हिशेबात ‘जनता’ आणि अपोलोच्या अंतराळवीरांचे घड्याळ एकाच पंगतीत बसतात. फरक होता तो वर रचलेल्या क्रोनोग्राफच्या, म्हणजे स्टॉपवॉचसारखी वेळ मोजणाऱ्या, यंत्रणेचा आणि भागांच्या घडणीतल्या बारकाईचा.

आजच्या ३८६१ मशीनमध्ये २६ ज्वेल आहेत, ठोके तासाला २१,६०० आहेत आणि पूर्ण चावीवर ते सुमारे ५० तास चालते. त्याचे एस्केपमेंट कोअ‍ॅक्सियल पद्धतीचे आहे. इंग्लंडचे घड्याळकार जॉर्ज डॅनियल्स यांची ही रचना ओमेगाने १९९९ मध्ये पहिल्यांदा बाजारात आणली. नेहमीच्या एस्केपमेंटमध्ये चक्राचा दात माणकाच्या पृष्ठभागावरून घसरत जातो, त्यामुळे तेथे तेल लागते आणि तेल घट्ट झाले की वेळ बिघडते. कोअ‍ॅक्सियलमध्ये हे घसरणे पुष्कळ कमी होते. शिवाय त्याची हेअरस्प्रिंग सिलिकॉनची असल्यामुळे तिच्यावर चुंबकाचा परिणाम होत नाही; १५,००० गॉसपर्यंतचे (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) क्षेत्र हे घड्याळ सहन करते.

ज्वेल म्हणजे खरी रत्ने का? जास्त ज्वेल म्हणजे अधिक चांगले घड्याळ का?

ती कृत्रिम माणके असतात आणि त्यांना दागिन्याचे मोल नसते. चक्रांचे दांडे जेथे फिरतात तेथे धातूवर धातू घासू नये, म्हणून ती बसवतात. तीन काट्यांच्या साध्या घड्याळाला १७ पुरेशी असतात. ३८६१ मधली जास्तीची माणके हा अधिक गुंतागुंतीच्या यंत्रणेचा हिशेब आहे, शहाणपणाचे गुण नव्हेत.

वेळ कोण अचूक दाखवते?

स्पीडमास्टर, यात वाद नाही. आजच्या मूनवॉचला स्वित्झर्लंडच्या मेटास या सरकारी मापनसंस्थेचे मास्टर क्रोनोमीटर प्रमाणपत्र असते आणि त्याची मर्यादा दिवसाला ० ते ५ सेकंद पुढे अशी आहे. मागे पडण्याची मुभाच नाही. नीट सर्व्हिसिंग झालेली ‘जनता’ दिवसाला पंधरा-वीस सेकंद इकडेतिकडे झाली, तर तिच्याविषयी तक्रार करू नये. दिवसात ८६,४०० सेकंद असतात; त्यांपैकी २० सेकंदांची चूक म्हणजे जेमतेम ०.०२३ टक्के. जास्तीत जास्त अचूकता एवढाच हेतू असेल, तर मात्र हजार रुपयांचे क्वार्ट्झ घड्याळ या दोघांनाही मागे टाकते, आणि पुढचे प्रश्न वाचण्याची गरज उरत नाही.

‘जनता’ एकाएकी दिवसाला काही मिनिटे पुढे जाऊ लागली, तर मशीन बिघडले असे लगेच समजू नये. स्पीकर, टॅबचे चुंबकी कव्हर किंवा पर्सचे चुंबकी बटण यांच्या सहवासात हेअरस्प्रिंगला चुंबकत्व येते, तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, ती आखूड पडल्यासारखी वागते आणि ठोके जलद पडतात. घड्याळजीकडे चुंबकत्व काढण्याचे छोटे यंत्र असते. काम मिनिटाभराचे असते.

लाखांचे घड्याळ आणि काच प्लास्टिकची, हे कसे?

अवकाशयानात काच फुटली, तर तिचे कण भारहीन अवस्थेत तरंगत राहून डोळ्यांत किंवा उपकरणांत जाण्याचा धोका असतो. अ‍ॅक्रिलिक तडकते, पण त्याच्या ठिकऱ्या उडत नाहीत. ओमेगा या अ‍ॅक्रिलिकला हेसलाइट म्हणते आणि काचेच्या मध्यभागी आतून आपले चिन्ह इतके बारीक कोरते, की ते भिंगाशिवाय सहसा दिसत नाही. याच घड्याळाची नीलम काचेची आवृत्तीही मिळते आणि तिची किंमत अधिक आहे.

अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे फार लवकर पडतात. ते पॉलिशने निघतातही : पेस्टचा एक ठिपका काचेवर घ्यायचा, मऊ कापडाने दोन-तीन मिनिटे घासायचा, आणि उथळ ओरखडे गेलेले दिसतात. ‘जनता’ला आणि स्पीडमास्टरला हा उपाय तंतोतंत सारखाच लागू पडतो. ‘जनता’ची काच बदलायची झाली, तरी खर्च किरकोळ असतो.

क्रोनोग्राफचा रोजच्या आयुष्यात उपयोग होतो का?

थोडा होतो, आणि हौस असेल तर पुष्कळ होतो. स्पीडमास्टरच्या तबकडीवर तीन छोट्या तबकड्या आहेत : ९ च्या जागी सतत चालणारा सेकंद, ३ च्या जागी ३० मिनिटांची मोजणी आणि ६ च्या जागी १२ तासांची. मधला लांब काटा वरचे बटण दाबल्यावरच धावतो, पुन्हा दाबल्यावर थांबतो आणि खालच्या बटणाने शून्यावर येतो. काटा धावत असताना खालचे बटण दाबू नये.

कडेच्या काळ्या कड्यावरचे आकडे वेगासाठी आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर एका किलोमीटरच्या दगडापाशी बटण दाबले आणि पुढच्या दगडापाशी पुन्हा दाबले, तर काटा ३६ सेकंदांवर थांबल्यास त्याच्या समोर कड्यावर १०० हा आकडा येतो, म्हणजे गाडीचा वेग ताशी १०० किलोमीटर. (हा उद्योग शेजारी बसलेल्याने करावा.) १९७० मध्ये अपोलो १३ संकटात असताना यानाची दिशा सुधारण्यासाठी इंजिन १४ सेकंद चालवायचे होते, आणि ते सेकंद जॅक स्विगर्ट यांनी हातावरच्या स्पीडमास्टरवर मोजले होते. आपल्याकडे बहुतेक मालक कुकरच्या शिट्टीनंतरची मिनिटे मोजतात, आणि त्यात कमीपणा काही नाही.

मग किमतीतला फरक नेमका कशाचा?

काही भाग क्रोनोग्राफचा : साध्या मशीनपेक्षा त्यात कितीतरी अधिक भाग असतात आणि ते एकमेकांशी जुळवावे लागतात. काही भाग घडणीचा : केसच्या (घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाच्या) खांद्यांवर, म्हणजे पट्टा जोडण्याच्या टोकांवर, चकचकीत आणि घासलेला पृष्ठभाग जेथे मिळतात तेथे रेषा सरळ आणि धारदार असते, काट्यांच्या कडा स्वच्छ असतात, बटण दाबताना ठाम प्रतिसाद मिळतो. काही भाग चाचण्यांचा आणि पाच वर्षांच्या वॉरंटीचा. उरलेला भाग, आणि तो लहान नाही, नावाचा, दुकानाचा, जाहिरातीचा आणि चंद्राचा. त्याचे पैसे द्यायचे की नाहीत हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. मात्र ते आपण देत आहोत हे माहीत असावे. याउलट ‘जनता’ ही सरकारी कारखान्याने सामान्य माणसाला परवडावी म्हणून काढलेली वस्तू आहे. तिच्या केसच्या कडा कधी बोथट असतात, अनेक जुन्या घड्याळांवरचा मुलामा घामाने उडालेला असतो, आणि तरीही आतले मशीन पन्नास वर्षांनी साफ केल्यावर चालू लागते. रुपयामागे किती घड्याळ मिळते, एवढेच पाहिले तर ‘जनता’समोर उभे राहील असे फार थोडे आहे.

जुनी ‘जनता’ घेताना फसवणूक कशी ओळखावी?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण बाजारात सुरेख दिसणाऱ्या जुन्या एचएमटींपैकी फार मोठा हिस्सा पुन्हा रंगवलेला असतो. निरनिराळ्या मोडक्या घड्याळांचे भाग एकत्र करून, तबकडी नव्याने छापून तयार केलेल्या अशा घड्याळांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. शहराच्या नावाला हा मान मिळावा ही काही अभिमानाची बाब नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा हा प्रकार आहे : बाहेरून झळझळीत, आत झिजलेले मशीन.

ओळखण्यासाठी डोळ्याला लावायचे भिंग घ्यावे आणि घाई करू नये. प्रथम तबकडीवरची अक्षरे पाहावीत. कारखान्यातल्या छपाईत अक्षराची कड स्वच्छ असते. पुन्हा छापलेल्या तबकडीवर शाई पसरलेली दिसते, अक्षरांची जाडी एकसारखी नसते आणि ‘एचएमटी’ हे चिन्ह किंचित तिरके किंवा मध्यापासून सरकलेले असते. मग मिनिटांचे ठिपके पाहावेत : १२, ३, ६ आणि ९ यांच्या खुणा खऱ्या जागी आहेत का, की काटा बरोबर १२ वर आणल्यावर खूण बाजूला राहते? मिनिट काटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोहोचायला हवा. तो आधीच संपत असेल, तर दुसऱ्या घड्याळाचा आहे. भडक नारिंगी, जांभळ्या किंवा दोन रंगांच्या तबकड्या दिसल्या तर विश्वास ठेवू नये. देवनागरी आकड्यांची ‘जनता’ खरोखर निघत असे आणि तिला आज मागणी आहे. म्हणूनच तिच्या नकली तबकड्याही सर्वाधिक दिसतात.

शेवटी विक्रेत्याला मागचे झाकण उघडायला सांगावे. मशीनवर एचएमटीचे नाव आणि ज्वेलची संख्या कोरलेली असावी, स्क्रूंच्या खाचा फाटलेल्या नसाव्यात, कोठे गंज नसावा, आणि चावीचे दोन-चार फेरे देताच बॅलन्स मोकळेपणाने, मोठ्या झोक्याने फिरू लागावे. जो विक्रेता झाकण उघडायला तयार नसेल, त्याच्याकडून घेऊ नये. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात अस्सल घड्याळ मिळतच नाही असे नाही. पण तेथे भाव करण्याआधी झाकण उघडलेले बरे. तबकडी थोडी पिवळी पडलेली, एखादा डाग असलेली पण मूळची ‘जनता’ ही रंगवलेल्या चकचकीत ‘जनता’पेक्षा नेहमी चांगली खरेदी ठरते.

नवी ‘जनता’ मिळते का?

मिळते. घड्याळांची कंपनी बंद झाली, तरी मूळ एचएमटी कंपनी स्वतःच्या संकेतस्थळावरून घड्याळे विकते. माल थोडा असतो आणि लवकर संपतो. वर्णनात हाताने चावी देण्याचे मशीन असे लिहिले आहे ना, हे पाहूनच पैसे भरावेत, कारण एचएमटीच्या नावाने क्वार्ट्झ आणि ऑटोमॅटिक घड्याळेही विकली जातात.

चावी कशी आणि केव्हा द्यावी?

रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी, घड्याळ हातातून काढून. मनगटावर असताना चावी दिली, की ती बाहेरच्या बाजूला ओढली जाऊन तिच्या दांड्यावर ताण येतो. चावी हलक्या हाताने फिरवत जावी आणि ती अडल्याचे जाणवताच थांबावे. तेथून पुढे जोर लावू नये. ‘चावी जास्त झाल्यामुळे बंद पडले’ असे सांगत आणलेल्या घड्याळांत बहुधा तेल वाळलेले असते आणि दोष चावीवर जातो.

पावसाळ्यात आणि घामात कोणते टिकेल?

स्पीडमास्टरला ५० मीटरचे जलरोधक मानांकन आहे. पाऊस, हात धुणे यांची त्याला चिंता नाही, मात्र पाण्यात बटणे दाबू नयेत. ‘जनता’ पाण्यापासून दूरच ठेवावी. कोकणातल्या जुलैत ती हातावर घालून फिरणे म्हणजे गंजाला निमंत्रण आहे. काचेच्या आत वाफ धरलेली दिसली, तर उन्हात ठेवून सुकवण्याच्या फंदात न पडता त्याच दिवशी घड्याळजीकडे न्यावे.

सर्व्हिसिंगचा खर्च आणि सोय कशी आहे?

खरेदीआधी विचारायचा हा प्रश्न लोक खरेदीनंतर विचारतात. ‘जनता’चे मशीन जुन्या पिढीतल्या जवळपास प्रत्येक घड्याळजीने शेकडो वेळा उघडलेले आहे, सुटे भाग न मिळाल्यास दुसऱ्या बंद ‘जनता’मधून काढून बसवता येतात, आणि चार-पाच वर्षांनी होणाऱ्या सर्व्हिसिंगचा खर्च शेकड्यांत राहतो. अडचण वेगळीच आहे : हे घड्याळजी आता थोडे उरले आहेत आणि त्यांपैकी अनेकांच्या दुकानात पुढची पिढी बसत नाही. चक्रे काढून, धुऊन, नव्याने ऑइलिंग करणारा माणूस आणि झाकण उघडून आत नुसता तेलाचा थेंब सोडणारा माणूस यांत फरक असतो. असा पहिला माणूस आपल्या गावात आहे का, हे ‘जनता’ घेण्याआधी शोधावे.

स्पीडमास्टरसाठी अधिकृत सेवाकेंद्राला पर्याय जवळजवळ नाही. कोअ‍ॅक्सियल एस्केपमेंट हाताळायला वेगळे प्रशिक्षण लागते आणि त्याचे सुटे भाग खुल्या बाजारात सहजासहजी मिळत नाहीत. सर्व्हिसिंग कमी वेळा लागते, पण जेव्हा लागते तेव्हा त्या एका बिलात अनेक जनता विकत घेता येतील.

मनगट बारीक असेल तर?

‘जनता’ सुमारे ३५ मिलिमीटरची आणि पातळ आहे. शर्टाच्या बाहीखाली सहज जाते. स्पीडमास्टर ४२ मिलिमीटरचे आणि जाड आहे, पण त्याचे खांदे खाली वळलेले असल्यामुळे आकड्यावरून वाटते तेवढे मोठे दिसत नाही. घालून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

वडिलांची बंद पडलेली ‘जनता’ घरात आहे. तबकडी नवीन करून घ्यावी का?

करू नये. मशीनचे सर्व्हिसिंग करावे, काच बदलावी, नवा पट्टा लावावा. तबकडी, काटे आणि केस आहेत तसे राहू द्यावेत. घड्याळजीकडे देतानाच ‘तबकडीला हात लावायचा नाही आणि काढलेला प्रत्येक जुना भाग परत हवा’ असे स्पष्ट सांगावे, कारण चकचकीत करून देणे म्हणजे गिऱ्हाइकावर उपकार, असे अनेकांना मनापासून वाटते.

गुंतवणूक म्हणून यांपैकी कोणते घ्यावे?

कोणतेही नाही. नेहमीचे मूनवॉच दुकानातून बाहेर पडले की त्याची फेरविक्रीची किंमत सहसा उतरते, आणि ‘जनता’मध्ये कमावण्याइतके पैसे मुळातच गुंतत नाहीत.

परदेशातल्या नातेवाइकांकडून स्पीडमास्टर मागवले तर चालेल का?

चालेल, पण कर चुकवण्याच्या हेतूने नव्हे. भारतात येताना नियमानुसार ते जाहीर करून सीमाशुल्क भरावे लागते, आणि ते धरून हिशेब केला, तर बचत अनेकदा वाटली होती त्यापेक्षा कमी निघते. खरेदी अधिकृत दुकानातूनच करावी, वॉरंटीच्या कार्डावर तारीख आणि विक्रेत्याची नोंद झाली आहे हे पाहावे, कार्डावरचा क्रमांक घड्याळावर कोरलेल्या क्रमांकाशी ताडून घ्यावा, आणि मूळ बिल घड्याळासोबतच आणावे. ते विमानतळावर लागते आणि पुढे विम्यालाही लागते.